शेवटचा 'ई' : इंग्रजीतील सारख्या उच्चारांच्या काही शब्दांची कुळकथा

स्मरणिकेसाठी विद्यालयातील एखादी आठवण लिहावी, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती एक वही. इयत्ता नववीच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या मी तपासत होतो. विषय होता 'माझे घराणे'. एका विद्यार्थिनीने आपल्या पणजोबांविषयी लिहिताना 'आउटकास्ट' हा शब्द योजला होता आणि त्याच्या शेवटी 'ई' हे अक्षर जोडले होते. मी सवयीने लाल शाईने तो 'ई' खोडला, अर्धा गुण कमी केला आणि पुढची वही घेतली. संध्याकाळी अभ्यासिकेच्या वेळी ती मुलगी ग्रंथालयातील जाडजूड शब्दकोश दोन्ही हातांनी सावरत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने खुणेचे पान उघडून बोट ठेवले. तेथे एकाखाली एक असे दोन शब्द छापलेले होते. उच्चार एकच, पण एकाच्या शेवटी 'ई' होता, दुसऱ्याच्या नव्हता. "सर, दोन्ही शब्द आहेत. मग माझा चुकला कसा?" तिने विचारले.

"उद्या सांगतो," एवढेच मी म्हणू शकलो. त्या 'उद्या'ला पुढे पुष्कळ दिवस लागले. त्या निमित्ताने मी जे वाचले, त्यातील काही येथे मांडतो. त्या दोन शब्दांकडे मी शेवटी येणार आहे, कारण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट इतर काही जोड्यांवरून जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशा शब्दांत गोंधळ झाला की आपली मुले ओशाळतात आणि मराठी माध्यमाला दोष देतात. वस्तुतः हा गोंधळ बुद्धीचा नसून वाटेचा आहे. आपल्या मुलांची इंग्रजी शब्दाशी पहिली ओळख पुष्कळदा गाईडात देवनागरीत छापलेल्या उच्चारातून होते, आणि देवनागरी ही ध्वनीशी प्रामाणिक असलेली लिपी आहे. दोन शब्दांचा ध्वनी एक असला की ती दोघांना एकाच वेषात उभे करते. इंग्रजी लेखनाचे तसे नाही. त्या भाषेत मूळच्या अँग्लो-सॅक्सन बोलींवर उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचे शब्द चढले, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच आली, पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून हजारो शब्द उचलले. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना सुरू केला. त्यानंतर लेखन हळूहळू गोठत गेले, उच्चार मात्र बदलतच राहिले. म्हणून इंग्रजी शब्दाचे लेखन हे उच्चारापेक्षा त्याच्या वंशावळीची नोंद अधिक असते. आपल्याकडेही 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'पाणि' आणि 'पाणी' या जोड्यांनी किती पिढ्यांच्या वह्या लाल केल्या, हे पालकांना सांगावयास नको.

विद्यालयाच्या कार्यालयापासूनच सुरुवात करू. 'स्टेशनरी' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो. शेवटच्या 'आर-वाय'च्या आधी 'ए' असेल तर अर्थ 'स्थिर, एका जागी उभा'. 'ई' असेल तर अर्थ 'लेखनसाहित्य'. कागद-पेन्सिलीचा आणि स्थिरतेचा संबंध काय? मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते जत्रेजत्रेतून हिंडत माल विकत. विद्यापीठांच्या गावी मात्र ग्रंथांच्या प्रती पुरविणारे काही विक्रेते कायमचे दुकान मांडून बसत. एका ठिकाणी ठाण मांडून बसलेला, म्हणून लॅटिनमध्ये तो 'स्टेशनेरियस'. त्याचाच इंग्रजीत 'स्टेशनर' झाला आणि त्याच्या दुकानातील माल तो 'स्टेशनरी'. लंडनमधील या व्यावसायिकांच्या संघाला १५५७ साली राजाज्ञेने सनद मिळाली. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'उभे राहणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपल्या 'स्थान', 'स्थिर' या शब्दांतील 'स्था' हा त्याचाच दूरचा आप्त. तेव्हा ही जोडी परक्यांची नव्हे, सख्ख्या भावांची.

'प्रिन्सिपल'चेही तसेच. मुख्याध्यापकांच्या दारावरचा 'प्रिन्सिपल' आणि तत्त्व या अर्थाचा 'प्रिन्सिपल' हे दोन्ही लॅटिन 'प्रिन्सेप्स'पासून, म्हणजे 'पहिले स्थान घेणारा' या शब्दापासून निघाले. पहिला माणूस तो प्रमुख. पहिले कारण ते तत्त्व. बँकेच्या कर्जाच्या कागदावर जो 'प्रिन्सिपल' असतो तो प्रमुखाच्या घरातला, कारण मुद्दल हे प्रमुख आणि व्याज त्याच्या मागून येणारे. इंग्लंडातील शाळांत मुले घोकतात की, मुख्याध्यापकाच्या शब्दाच्या शेवटी 'पॅल' म्हणजे मित्र आहे. मुख्याध्यापक हे मित्र असतात किंवा कसे, याचा निर्णय माजी विद्यार्थ्यांवर सोडतो.

यापेक्षा धोक्याची जोडी 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' यांची. केवळ आरंभीच्या उपसर्गात फरक, अर्थ मात्र थेट उलट. पहिल्याचा अर्थ 'आधी लिहून देणे', म्हणजे नेमून देणे. डॉक्टर औषध लिहून देतात ते, आणि सरकारी कागदावर आपण 'विहित नमुना' म्हणतो त्यातील 'विहित' तेही. दुसऱ्याचा मूळ अर्थ 'लोकांसमोर लिहून लावणे'. इतका निरुपद्रवी अर्थ 'बंदी घालणे' येथवर कसा गेला? त्याचे उत्तर रोमच्या इतिहासात आहे. इसवी सनापूर्वी ८२ मध्ये सुल्ला या सेनापतीने सत्ता बळकावल्यावर आपल्या विरोधकांच्या नावांच्या याद्या रोमच्या मुख्य चौकात लावल्या. यादीत ज्याचे नाव त्याला कोणीही ठार मारावे आणि बक्षीस घ्यावे. त्याची मालमत्ता जप्त होऊन लिलावात जाई, इतकेच नव्हे तर त्याच्या मुला-नातवांनाही सार्वजनिक पदे बंद होत. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला आणि त्यात सिसेरो हा थोर वक्ता मारला गेला. तेव्हापासून 'लिहून लावणे' याला मृत्यूचा वास चिकटला. ब्रिटिश राजवटीत सरकारने जप्त केलेल्या पुस्तकांना आणि पत्रकांना दप्तरात 'प्रोस्क्राइब्ड' म्हणत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अशा प्रकाशनांचा संग्रह आजही आहे आणि त्यात मराठी प्रकाशनेही आहेत. अभ्यासक्रमाला नेमलेले पुस्तक आणि बंदी घातलेले पुस्तक यांत इंग्रजीत एकाच अक्षराचे अंतर असते. अर्ज लिहिताना ही जोडी चुकवू नये.

काही शब्द त्यांच्या दिसण्यावरूनच फसवितात. 'नॉइसम' या शब्दात 'नॉइज' दिसतो, म्हणून विद्यार्थी त्याचा अर्थ 'गोंगाटाचा' असा करतात. त्याचा गोंगाटाशी संबंध नाही. 'अनॉय' म्हणजे त्रास देणे, त्याचे जुने तुटके रूप 'नॉय'. त्यावरून हा शब्द झाला आणि अर्थ झाला 'उपद्रवकारक, किळसवाणी दुर्गंधी येणारा'. गटाराला तो लागू पडतो, लाउडस्पीकरला नाही. 'एनर्व्हेट' हा शब्द 'एनर्जी'च्या शेजारचा वाटतो, पण तो नेमका तिच्या विरुद्ध आहे. लॅटिनमध्ये 'नर्व्हस' म्हणजे स्नायू. स्नायूच काढून घेतल्यावर जे उरते ते एनर्व्हेट झालेले, आपल्या भाषेत गलितगात्र. पदवीधरांच्या अर्जांतही 'आपल्या मार्गदर्शनाने मी एनर्व्हेट झालो' अशा अर्थाचे वाक्य मी वाचले आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा खरा अर्थ ठाऊक नसावा, अशीच प्रार्थना करावी.

'रेस्टिव्ह' हा मला विशेष आवडणारा शब्द. 'रेस्ट' म्हणजे विश्रांती, म्हणून हा शांत असेल असे वाटते; शब्दकोशात पाहावे तर अर्थ 'अस्वस्थ, आवरेनासा'. झाले असे की, जुन्या फ्रेंचमध्ये 'जागीच राहणे' या अर्थाच्या क्रियापदावरून जो घोडा पुढे पाऊल टाकण्यास नकार देतो त्याला हा शब्द लावीत. असा घोडा टाच मारली की उसळतो, मागे सरतो, आडवा होतो. त्यामुळे 'न हलणारा' या अर्थाचा शब्द कालांतराने 'स्वस्थ न राहणारा' असा झाला. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे, अडेलतट्टू. फरक एवढाच की आपले तट्टू अडले ते अडलेच.

'व्हीनल' आणि 'व्हीनियल' यांबद्दल एकच वाक्य पुरे : पहिला विकला जाणारा, म्हणजे लाचखाऊ, दुसरा क्षमा करण्याजोगा, आणि या दोहोंतील फरक न ओळखणारे लोक केवळ इंग्रजीतच असतात असे नाही.

'होर्ड'ची कथा थोडी लांब आहे, पण ती आपल्या दारापर्यंत येते. एक 'होर्ड' म्हणजे साठविलेले धन. तो जुना इंग्रजी शब्द. वर्तमानपत्रात धान्याच्या साठेबाजीच्या बातम्यांत 'होर्डिंग' येते ते यावरून. दुसरा 'होर्ड' म्हणजे झुंड, टोळी. त्याचे मूळ मध्य आशियातील तुर्की 'ओर्दू' या शब्दात, अर्थ सैन्याची छावणी. पोलिश भाषेत त्याच्या आरंभी 'ह' लागला आणि तेथून तो पश्चिम युरोपात पसरला. तोच 'ओर्दू' दुसऱ्या दिशेने फारसीच्या वाटेने हिंदुस्थानात आला. दिल्लीतील बादशाही छावणीच्या, दरबाराच्या भाषेला 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला' म्हणू लागले आणि त्या लांबलचक नावातून शेवटी 'उर्दू' एवढेच शिल्लक राहिले. ज्या शब्दाने इंग्रजीत लुटारूंची झुंड व्हावे, त्यानेच आपल्याकडे एका अत्यंत नजाकतीच्या भाषेचे नाव व्हावे! आणि चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे जे 'होर्डिंग' उभे असते, ते या दोहोंपैकी कोणाचेच नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये फळ्यांचा आडोसा किंवा तटबंदीवरील लाकडी सज्जा या अर्थाचा एक शब्द होता. बांधकामाभोवती फळ्यांचे कुंपण घालीत ते 'होर्डिंग' याच शब्दावरून. त्या फळ्यांवर लोक जाहिराती चिकटवू लागले. कुंपण गेले, जाहिरात उरली.

आता त्या वहीकडे वळतो. 'कास्ट' या ध्वनीचे दोन इंग्रजी शब्द आहेत. 'ई' नसलेला 'कास्ट' नॉर्स लोकांनी आणला, अर्थ 'फेकणे'. मोडलेल्या हाताचा प्लास्टर कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली वस्तू, ग्रामपंचायतीत सरपंचाचे कास्टिंग व्होट, नाटकातील पात्रयोजना, हे सर्व त्याचेच विस्तार. 'ब्रॉडकास्ट' हा तर मूळचा शेतातला शब्द. पाभरीने ओळीत न पेरता मूठ भरून बी फोकून पेरतात, ती क्रिया म्हणजे ब्रॉडकास्ट. नभोवाणीने तो विसाव्या शतकात उचलला.

'ई' असलेला 'कास्ट' मात्र आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला आहे. पोर्तुगीज भाषेत 'काश्ता' म्हणजे वाण, पैदास, वंश. जनावरांच्या जातीला आणि द्राक्षांच्या वाणांना पोर्तुगालमध्ये आजही हाच शब्द लावतात. 'शुद्ध' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो आला असे अनेक कोशकार मानतात, काहींना ते मान्य नाही. सोळाव्या शतकात गोव्यास आलेल्या पोर्तुगिजांनी येथील समाजाची रचना पाहिली आणि तिला हा पैदाशीचा शब्द चिकटविला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. बापाचा धंदा येथे कोणी सोडत नाही, हे सांगताना त्याने 'काश्ता' हाच शब्द वापरला आहे. 'जात' हा आपला शब्द जन्मावरून आलेला, 'वर्ण' ही निराळी कल्पना. परकीयांच्या एका शब्दाने दोहोंना झाकून टाकले. इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून शब्द घेतला तेव्हा त्यांना तो आपल्या 'फेकणे'वाल्या शब्दासारखा ऐकू आला आणि ते दीर्घकाळ तो 'ई'शिवायच लिहीत राहिले. फ्रेंच धर्तीचा शेवटचा 'ई' इंग्रजीत रूढ झाला तो साधारण १८०० नंतर. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांवर 'कास्ट सर्टिफिकेट'ची पाटी 'ई' गाळून लिहिलेली असते. तिला हसण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे इंग्रज साहेबही तसेच लिहीत.

यातूनच ती दुसरी जोडी जन्मली. 'ई' नसलेला 'आउटकास्ट' मध्ययुगापासून इंग्रजीत आहे. अर्थ 'बाहेर फेकलेला'. त्यात जातीचा संबंध नाही. घराने, गावाने, राज्याने कोणीही टाकलेला माणूस तो. 'ई' असलेला शब्द एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या संदर्भात घडविला गेला आणि शब्दकोश त्याचे दोन अर्थ देतात : जातीबाहेर काढलेला, आणि ज्याला जातच नाही असा. हे दोन अर्थ एका ओळीत, एका स्वल्पविरामाने वेगळे करून छापलेले असतात. पण त्यांच्यामध्ये केवढी दरी आहे!

जातीबाहेर काढलेल्या माणसाला धर्मशास्त्र 'पतित' म्हणते. ज्या मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, तिच्या अकराव्या अध्यायात त्याचा विधी दिला आहे. आप्तांनी जमावे, दासीने पाण्याचा घट पायाने लवंडावा, जणू तो मनुष्य मेला. यालाच 'घटस्फोट' म्हणत. आज आपण विवाहविच्छेदाला लावतो तो शब्द याच विधीचा. मात्र त्याच अध्यायात हेही आहे की, पतिताने प्रायश्चित्त केल्यावर आप्तांनी त्याच्यासह स्नान करावे, नवा घट पाण्यात सोडावा आणि त्याला परत घ्यावे. जात पंचायतींचे वाळीत टाकणे हे याच प्रकारचे आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. अथेन्सचे ग्रीक लोक तर याहून सौम्य होते. ज्याला घालवायचे त्याचे नाव नागरिक खापराच्या तुकड्यावर कोरीत. मते पुरेशी पडली की त्याने दहा वर्षे नगराबाहेर राहावे, मालमत्ता त्याचीच राही. 'ऑस्ट्रसाइझ' हा इंग्रजी शब्द त्या खापरावरून आला. बाबासाहेबांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाच्या नावाचे भाषांतर करताना काही लेखक हाच शब्द योजतात. मला तो खटकतो. दहा वर्षांनी घरी परतणारा अथेन्सचा सरदार आणि पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवलेला माणूस एका शब्दात मावत नाहीत.

दुसऱ्या अर्थाच्या माणसाला प्रायश्चित्त नव्हते, कारण त्याच्या हातून काही घडलेलेच नव्हते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न धरला आहे. अस्पृश्य गावाबाहेर राहू लागले ते अस्पृश्य ठरल्यावर गावाने त्यांना बाहेर घातले म्हणून, की ते आधीपासूनच बाहेर राहत होते? ते आधीपासूनच बाहेर होते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यापूर्वी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाच्या नावातही त्यांनी 'कास्ट' हा शब्द अनेकवचनी ठेवला होता. जात एकटी असूच शकत नाही, ती नेहमी इतर जातींसह असते, हे त्या निबंधातील एक प्रमुख सूत्र आहे.

हे सारे टिपणवहीत उतरवून मी एके दिवशी वर्गात मांडले. माझी चूक मान्य केली आणि 'ई'सह लिहिलेला शब्द बरोबर होता असे जाहीर केले. प्रकरण मिटले असे मला वाटले. ती विद्यार्थिनी मात्र पुन्हा उभी राहिली.

"सर, पणजोबांना जातीबाहेर कोणी काढले नव्हते, म्हणजे पहिला अर्थ नाही. आणि त्यांना जात नव्हती असेही नाही. जात होतीच, गावाने ती एक दिवसही विसरू दिली नाही. मग दुसरा अर्थ तरी कसा लागतो?"

मी शब्दकोश पुन्हा उघडला. त्या दोन नोंदींखाली तिसरी नोंद नव्हती. तिने वही परत मागितली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर आली तेव्हा मी लाल शाईने खोडलेला 'ई' तसाच होता, पण तिने निळ्या शाईने उरलेला शब्दही खोडला होता आणि वर साध्या इंग्रजीत लिहिले होते की, माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. मी अर्धा गुण परत दिला.